आवडत्या चिटाचें काय करावें?

मागील अंकीं आपण फाटक्या चादरींच्या डागडुजीविषयीं बोललों. या खेपेचा विषय त्याच्या अगदीं उलट आहे. न फाटलेलें, न वापरलेलें, पेटीच्या तळाशीं डांबराच्या गोळ्यांच्या सहवासांत वर्षानुवर्षें पडून राहिलेलें छापील कापड, हा तो विषय. प्रत्येक घरांत अशीं दोन-चार कापडें असतातच. एखादें कोणी प्रवासांतून आणलेलें असतें, एखादें ओटींत आलेलें असतें. कापड इतकें आवडतें कीं त्यास कात्री लावण्याचा धीर होत नाहीं. आणि धीर होईपर्यंत घडीच्या रेषेवर तें विरून गेलेलें असतें.

आमच्या घरीं हा प्रश्न गेल्या वर्षीं ऐरणीवर आला. सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या पेटींत माळव्यांतील बाघ गांवच्या ठशांची एक सुती साडी निघाली. पांढऱ्या अंगावर लाल व काळी वेलबुट्टी, पदरावर मोठीं फुलें. त्या ती फक्त सणावारीं नेसत. आम्ही तिघी जावा आणि दोघी नणंदा. पांचहि जणींचा तिच्यावर सारखाच जीव. मोठ्या जाऊबाईंचें मत, साडी आहे तशीच जपून ठेवावी. वन्संचें मत, वांटून घ्यावी, म्हणजे प्रत्येकीच्या घरीं आईची कांहींतरी खूण राहील. दोन्ही बाजू खऱ्या, म्हणून पंधरा दिवस साडी पलंगावर पडून राहिली आणि तिच्याविषयीं कोणी बोलेना.

मला स्वतःला वांटणी पसंत होती, पण कात्रीची भीति वाटत होती, आणि तिला कारणहि तसेंच होतें. चार वर्षांपूर्वीं मीं मोरांची नक्षी असलेल्या कापडाची एक पिशवी शिवली होती. लांब तुकडा घेतला, मधोमध दुमडला, दोन्ही बाजूंस टिपा मारल्या, वर बंद लावले; काम अर्ध्या तासांत उरकलें. पिशवीच्या एका अंगास मोर मोठ्या ऐटींत उभे होते. ती फिरवून पाहिली, तों दुसऱ्या अंगाचे सारे मोर पाय वर करून डोक्यावर उभे! घरांतील मुलांनीं तिचें नांव ‘शीर्षासनाची पिशवी’ असें ठेविलें, आणि भाजीला निघालें कीं अजून त्याच नांवानें ती मागितली जाते.

चूक इतकीच कीं, ज्या नक्षीला डोकें आणि पाय आहेत ती दुमडून शिवतां येत नाहीं. मोर, हत्ती, कुंडींतलें झाड, एकाच दिशेनें चढणारी वेल, ही सर्व त्या जातीची नक्षी. अशा कापडाचे दोन निराळे तुकडे, दोन्ही सरळ ठेवून कापावे व तळाशीं जोडावे. त्या जोडासाठीं प्रत्येक तुकड्यास अर्धा इंच अधिक धरावा लागतो, एवढाच काय तो खर्च. ठिपके, चौकडी किंवा चोहोंकडे विखुरलेली बुट्टी असेल, तर खुशाल दुमडावें.

दुसरी गोष्ट नक्षीच्या फेराची. एक फूल संपून पुन्हां तेंच फूल येईपर्यंत जें अंतर, त्यास आपण फेर म्हणूं. कापणीपूर्वीं तें पट्टीनें मोजावें. फेर वीतभर असेल, तर त्या कापडाचा बटवा शिवूं नये. अर्ध्या पाकळीपलीकडे त्यांत कांहीं मावणार नाहीं. मोठी नक्षी मोठ्या आणि सपाट वस्तूस द्यावी; लहान बुट्टी बटव्यास, चंचीस, झबल्यास शोभते. यासाठीं मीं एक युक्ति धरली आहे. जुन्या वर्तमानपत्रांत तयार वस्तूच्या मापाची खिडकी कापावी आणि तो कागद कापडावरून सरकवीत न्यावा. खिडकींतून जें दिसतें, तेंच पुढें उशीवर दिसणार. फूल मधोमध आलें कीं खडूनें खूण करावी, व त्या खुणेबाहेर चोहोंकडून अर्धा इंच शिलाईसाठीं सोडून कापावें. यानें थोडें कापड वांयां जातें. तें जाऊं द्यावें. आवडतें कापड काटकसरीच्या हट्टानें बिघडविण्यांत हंशील नाहीं.

कापण्यापूर्वीं कापड धुऊन घ्यावें हें सर्वांस ठाऊक असतें आणि घाईंत कोणीच करीत नाहीं. कोरें सुती कापड मीटरामागें तीन-चार सेंटिमीटर सहज आटतें. अस्तर एक आटलें आणि वरचें कापड आटलें नाहीं, तर वस्तूस कायमच्या सुरकुत्या. रंगाची परीक्षा अशी : पांढरें फडकें ओलें करून कापडाच्या कोपऱ्यावर ठेवावें व वरून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर रंग उतरला, तर त्या कापडास पांढऱ्या अस्तराची सोबत देऊं नये. मिठाच्या पाण्यांत बुडविल्यानें कच्चा रंग पक्का होतो अशी एक समजूत घरोघर आहे. तिच्यावर विसंबून माझा एक पांढरा अभ्रा गुलाबी झाला.

जुन्या ठशांच्या कापडांत मात्र धोका लाल रंगाचा नसतो, काळ्याचा असतो. राजस्थान-माळव्यांतील छपाईकार परंपरेनें लाल रंगास तुरटीचा आधार देतात आणि काळा रंग लोखंडापासून काढतात. तुरटीनें धाग्यास विशेष अपाय होत नाहीं. लोखंड मात्र वर्षानुवर्षें सुताला हळूहळू खात जातें. म्हणून जुन्या कापडाची पांढरी जमीन धडधाकट असते आणि काळ्या रेषेवर तेवढीं बारीक भोंकें पडतात. आमची साडी उजेडापुढें धरली तेव्हां हेंच दिसलें. काळ्या रेषेवर टीप घालावयाची नाहीं, आणि कापडाखालीं अस्तर दिल्याशिवाय त्याची कोणतीच वस्तु करावयाची नाहीं, हें तेथेंच ठरलें. जाऊबाईंनींहि तीं भोंकें पाहिलीं. ठेवून दिली तरी साडी राहणार नाहीं, हें त्यांस मीं सांगावें लागलें नाहीं.

या रंगांच्या पक्केपणानेंच एके काळीं आपल्या चिटांनीं युरोपास वेड लाविलें होतें. इंग्रजी भाषेंतला ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्या ‘छींट’ शब्दावरूनच गेला आहे. तेथील लोंकरीच्या व रेशमाच्या विणकरांनीं इतका आकांत केला कीं फ्रान्सनें 1686 सालीं छापील सुती कापडास बंदी केली, ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडनें 1700 सालीं त्याची आयात थांबविली आणि 1721 सालीं तें अंगावर घालण्यास व घरांत वापरण्यासहि मनाई केली. पुढें काळ असा फिरला कीं त्याच इंग्लंडच्या गिरण्यांचें छापील कापड आपल्या बाजारांत आलें. यवतमाळहून मूर्तिजापुरास अरुंद रुळांचा फांटा निघाला, तो मुख्यतः आमच्या काळ्या जमिनींतला कापूस मुंबईकडे व तेथून मँचेस्टरकडे नेण्याकरितां. ती ‘शकुंतला’ आतां धावत नाहीं. कापूस मात्र अजूनहि गांठी होऊन जिल्ह्याबाहेर जातो आणि सूत, विणणी, छपाई असे सर्व संस्कार होऊन दुकानांत परत येतो. मीटरभर चिटाचा भाव ऐकतांना मला नेहमीं वाटतें कीं, त्यांतले किती पैसे बोंड वेंचणारीच्या पदरांत पडले असतील?

असो. सोप्या वस्तूंकडे वळूं.

सर्वांत सोपा तो चौकोनी उशीचा अभ्रा, आणि त्यास ना गुंडी लागते ना साखळी. उशी 16 इंचांची असेल, तर पुढील तुकडा 17 इंच चौरस घ्यावा, हाच चिटाचा. मागील बाजूस साधी खादी किंवा मांजरपाट पुरे. तिचे 17 इंच लांब व 12 इंच रुंद असे दोन तुकडे घेऊन प्रत्येकाची एक लांब कड एक इंच आंत दुमडून शिवावी. मग चिटाची सुलट बाजू वर ठेवून हे दोन तुकडे त्यावर उलटे असे मांडावे कीं, मध्यें पांच इंच एकावर एक येतील. चोहोंबाजूंनीं अर्ध्या इंचावर टीप, कोपरे किंचित् छाटावे आणि अभ्रा उलटावा. उशी त्या फटींतून आंत जाते. सारें छापील कापड पुढेंच दिसतें. पाठीकडे एक इंचहि खर्ची पडत नाहीं.

पोळ्यांच्या डब्यांतला रुमाल 20 इंचांचा पुरतो, पण चीट बाहेरून आणि पांढरें धुवट कापड आंतून असावें. अन्नास रंग लागूं देऊं नये. खिडकीच्या पडद्याविषयीं माझें मत थोडें हट्टी आहे. मोठ्या फुलांचा पडदा चुण्यांत घालूं नये; चुण्यांत फुलें गडप होतात. खिडकीपेक्षां दोन-तीन इंचच रुंद ठेवून तो सपाट सोडावा, वर कापडाचे बंद द्यावे, आणि मागें साधें अस्तर अवश्य द्यावें. आमच्याकडील वैशाखाचें ऊन दोन उन्हाळ्यांत नक्षी पुसून टाकतें.

आतां साडी. खोंचण्याकडचा सुमारें अर्धा मीटर भाग फारच विरला होता. तो सोडून बरोबर पांच मीटर चांगलें कापड उरलें. पांच जणी, एकेकीस एक मीटर, आणि पन्हाहि जवळजवळ तेवढाच. म्हणजे पांच चौरस दुपटीं. जुनें कापड हातानें फाडूं नये, तें वाटेल तसें जातें. जेथें कापावयाचें तेथील एक आडवा धागा सुईनें उचलून हलकेंच ओढून काढावा. त्याची जी बारीक वाट उरते, तिच्यावरून कात्री चालवावी. साडीचें दुसरें टोंक जाऊबाईंनींच धरलें होतें. पदराचा तुकडा कोणीं घ्यावा यावर कोणी चिठ्ठ्या टाकल्या नाहींत. वन्संनीं तो उचलून जाऊबाईंच्या मांडीवर ठेविला.

दुपट्यास खालीं मऊ धोतराचें अस्तर दिलें. दोन्ही थर मध्यापासून कडेकडे हातानें सारखे करीत मोठ्या कच्च्या टांक्यांनीं जोडले, आणि मग फुलांच्या कडेकडेनें, काळी रेष टाळून, लाल दोऱ्यानें धावदोरा घातला. अशानें टांके वेगळे दिसत नाहींत. नक्षीच थोडी उठून येते, आणि विरूं लागलेल्या जागेस दोन्हींकडून आधार मिळतो. मशीनवर हें काम करूं नये. जीर्ण सुताला मशीनची सुई सोसत नाहीं. एका दुपट्यास मला नऊ दुपारी लागल्या. थोरल्या वन्संचें दुपटें त्यांच्या नातीच्या बारशास पोंचलें.

उरलेल्या अर्ध्या मीटरांत कोठें कोठें तळहाताएवढे धड भाग होते. त्यांच्या तान्ह्या पोळ्याकरितां लांकडी बैलांच्या झुली केल्या. बैलाच्या पाठीवर कागद टाकून आकार घ्यावा, वशिंडापाशीं खांच ठेवावी, आंतून मांजरपाट लावावें आणि कडेस पिवळा गोट. चार बैल चार झुली मिरवीत देवळापर्यंत जाऊन आले. धाकट्याच्या बैलाची झूल मात्र डाव्या अंगास अर्ध्याच फुलाची आहे. ती त्यानें स्वतः कापली, आणि कागदाची खिडकी ठेवूं दिली नाहीं.