कुंडी घेण्याआधी खिडकी बघा

हल्ली आपल्या कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असो, पाहुण्यांचं स्वागत पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन होतं. चांगली गोष्ट आहे. टाळ्या पडतात, फोटो निघतो, पाहुणे रोप मांडीवर घेऊन गाडीत बसतात. पण त्या रोपाचं पुढे काय होतं हे कधी कुणी विचारलंय? वाढदिवसाला मिळालेला मनी प्लँट, गृहप्रवेशाला आलेली तुळस, गंगापूर रोडच्या नर्सरीतून हौसेने आणलेला गुलाब... दोन महिन्यांनी त्यांच्या रिकाम्या कुंड्या जिन्याखाली सापडतात. मग आपलं ठरलेलं वाक्य, "माझ्या हाताला झाडच लागत नाही!"

माझं म्हणणं एवढंच आहे की हाताला दोष देणं बंद करा. घरातलं झाड बहुतेक वेळा उपाशी मरतं, आणि झाडाची उपासमार म्हणजे उजेडाची टंचाई.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे मला 'फोटोसिंथेसिस' आधी आलं आणि 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द बऱ्याच नंतर (या लेखाचे ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलेत, चुका राहिल्या असतील तर तिला सांगा!). पण व्याख्या कुठल्याही भाषेत पाठ केली तरी कुंडीपाशी आलं की आपण ती विसरतो आणि 'माती चांगली नसेल', 'खत कमी पडलं असेल' असं म्हणायला लागतो. व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच याचा हिशोब लावला होता. त्याने मोजून २०० पौंड कोरडी माती घेतली, त्यात विलोचं पाच पौंडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे १६४ पौंडांनी वाढलं. मातीचं वजन घटलं जेमतेम दोन औंस! त्याला वाटलं झाड पाण्यातून बनतं. ते अर्धंच खरं होतं, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची भूमिका त्याला ठाऊक नव्हती. पण आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना एवढा मटेरियल बॅलन्स पुरे आहे. माती झाडाला आधार देते आणि क्षार पुरवते. जेवण पान स्वतः बनवतं, आणि त्याची चूल उजेडावर पेटते.

आता घरात उजेड किती असतो ते बघू. मोबाईलवर लक्स मोजणारं ॲप फुकट मिळतं. ते अगदी अचूक नसतं, पण अंदाजाला चालतं. भर दुपारी उघड्यावर साधारण १,००,००० लक्स असतात. खिडकीला लागून, पण थेट ऊन नाही अशा जागी एक ते तीन हजार. तिथून सहा-सात फूट आत, जिथे आपण सोफ्याशेजारी शोभेची कुंडी ठेवतो, तिथे दोनशे-तीनशे. म्हणजे बाहेरच्या चारशेव्या हिश्श्याच्या आसपास! आपल्याला तसं जाणवत नाही, कारण आपली बाहुली मोठी होऊन जुळवून घेते. पानाला बाहुली नसते.

आणि याच कमी उजेडाचा दुसरा तोटा म्हणजे पाणी. अंधारात झाड पाणी कमी पितं. आपण मात्र माया म्हणून रोज तांब्याभर ओततो. माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. पाण्याने मेलं असं आपण म्हणतो, पण गोष्ट सुरू झालेली असते उजेडापासून.

गंमत म्हणजे घरात रोप वाढवण्याचा प्रयोग आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दरवर्षी होतो आणि आपण त्याला प्रयोग म्हणत नाही. तो म्हणजे नवरात्रातला घट. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती, त्यात सात प्रकारचं धान्य, मधोमध पाण्याने भरलेलं मातीचं सुगड. देवघराच्या कोपऱ्यात, समईच्या उजेडात, नऊ दिवसांत वीतभर धान उगवतं. ते हिरवंगार नसतं. पिवळसर, लांबसडक असतं. का? कारण उजेड नाही म्हणून अंकुर सगळा जोर उंचीत घालतो, की वर कुठेतरी ऊन असेल. हिरवा रंग बनवायलाही उजेड लागतो, तो मिळालेला नसतो. मग नऊ दिवस तो जगतो कशावर? बियात साठवलेल्या शिदोरीवर. आणि पाणी? कच्च्या सुगडाच्या अंगातून पाझरून मातीला हवं तेवढंच मिळतं. ठिबक सिंचनावर द्राक्षबागा पोसणाऱ्या आपल्या नाशिकला ही आयडिया वेगळी समजावून सांगायला नको. दसऱ्याला ते धान टोपीत किंवा केसांत खोवायचं आणि पुढे जायचं. दहाव्या दिवसानंतर देवघरात ते टिकणार नाही, हे या रीतीतच धरलेलं आहे.

घटाने शिकवलेला नियम असा : जेवढा उजेड, तशी पद्धत. तो धरला की घरात झाडं वाढवण्याचे प्रकार आपोआप वेगळे होतात.

जिथे रोज तीन-चार तास थेट ऊन येतं, तिथेच तुळस, पुदिना, गवती चहा, मिरची असल्या गोष्टी कुंडीत लावाव्यात. इथे पुस्तकांपासून जरा सावध राहा. इंग्लंड-अमेरिकेची पुस्तकं सांगतात, दक्षिणेची खिडकी सर्वांत उत्तम. त्यांचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो. नाशिक साधारण २० अक्षांशावर. आपल्याकडे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४६-४७ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन छान आत येतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्याच खिडकीत ऊन शिरत नाही. पश्चिमेचं एप्रिल-मेमधलं ऊन कोवळ्या रोपाला भाजून काढतं. आपल्या गावाला सोसणारी खिडकी पूर्वेची. शिवाय बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की वीस किलोच्या पुढे जाते, हे ग्रिलमध्ये कुंड्यांची रांग लावताना लक्षात ठेवा. कोकोपीट आणि गांडूळखत मिसळलं की वजन बरंच उतरतं.

जिथे उजेड आहे पण ऊन नाही, तिथे मनी प्लँट, स्नेक प्लँट अशी सोशिक मंडळी. मनी प्लँटची फांदी पेराखाली कापून पाण्याच्या बाटलीत ठेवली तरी मुळं फुटतात. फक्त पाणी दर आठवड्याला बदला. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होऊन उडतो. आरोग्य खातं सांगतं तो 'कोरडा दिवस' बाटलीला आणि कुंडीखालच्या ताटलीलाही लागू आहे.

होस्टेलवाल्यांसाठी एक युक्ती. सुट्टीत घरी जाताना पाण्याच्या भांड्यातून कुंडीत सुती वात सोडा. समईत वात तेल ओढते तसं पाणी मातीत येत राहतं. आठवडा सहज निघतो.

आता सध्याची फॅशन, हायड्रोपोनिक्स. मातीशिवाय, क्षार विरघळवलेल्या पाण्यात शेती. १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरिकने याचा बोलबाला केला. आपल्या देशातही हे काही काल-परवा आलेलं नाही. १९४६ साली शोल्टो डग्लस याने कालिंपाँगकडे प्रयोग सुरू केले आणि त्याची पद्धत 'बंगाल सिस्टिम' म्हणून ओळखली गेली. घरी करायचं तर हवाई विद्यापीठाच्या क्रॅटकीची पद्धत सर्वांत सोपी. पंप नाही, वीज नाही. झाकणाला भोक पाडलेला डबा, त्यात क्षारांचं पाणी, वर रोप. पाणी उतरत जातं तशी वरची मुळं हवेत राहून श्वास घेतात. पालेभाजीला झकास. पण हजारो रुपयांचं किट घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, हायड्रोपोनिक्समध्ये माती वगळता येते, ऊन नाही. अंधाऱ्या हॉलमध्ये ते किट म्हणजे महागडं पाण्याचं भांडं.

ऊन नसेल तर दिवा लावायचा. वीस वॅटचा एलईडी रोपाच्या वीतभर वर टांगून रोज बारा तास चालवला, तर महिन्याला साधारण सात युनिट. जांभळा दिवाच हवा असं नाही, पांढराही चालतो. अंतर मात्र महत्त्वाचं, कारण बल्ब दुप्पट लांब नेला की उजेड जवळजवळ चौथाई होतो.

बरणीतली बागही आहे. लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत नेचा उगवलेला दिसला. त्यातून काचेच्या पेट्या निघाल्या आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. आतलंच पाणी वाफ होऊन पुन्हा खाली येतं. उजेडात ठेवा, पण उन्हात नको, नाहीतर झाडं शिजतील.

आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने घटाकडे परत जावं! मसाल्याच्या डब्यातली मेथी, मोहरी किंवा अळीव पसरट डब्यात ओल्या कापडावर पेरा. आठवड्या-दीड आठवड्यात कापून कोशिंबिरीत घाला. मॉलमध्ये याला 'मायक्रोग्रीन्स' म्हणतात आणि भाव चौपट लावतात.

आता थोडं कडू बोलते. घरातल्या झाडांबद्दल जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं खरं नाही. 'हवा शुद्ध करणारी झाडं' हा प्रकार १९८९ च्या नासाच्या अभ्यासावरून आला. तो अभ्यास खरा आहे, पण तो बंद पेटीतला. आपल्या घराला दारं-खिडक्या आहेत. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब केला. इमारतीत एरवी हवा खेळती असते, तेवढा परिणाम झाडांकडून हवा असेल तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील! दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी नव्वद कुंड्या. मग आपण झोपायचं कुठे? तीच गोष्ट स्नेक प्लँट रात्री ऑक्सिजन देतो याची. तो रात्री कार्बन डायऑक्साइड शोषून ठेवतो हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो. झाड आवडतं म्हणून लावा की! त्याला औषध म्हणून कशाला विकायचं?

हे सगळं एवढ्या तावातावाने लिहायचं कारण माझी आजी. ती पंचवटीतला वाडा सोडून आमच्या फ्लॅटमध्ये आली. वाड्याला अंगण होतं, अंगणात वृंदावन. आमच्या बाल्कनीसमोर बारा फुटांवर शेजारची बिल्डिंग. तिथे तुळस दर दोन-तीन महिन्यांनी वाळायची. घरातली तुळस वाळणं आपल्याकडे चांगलं मानत नाहीत. आजी कुणाला काही बोलायची नाही, पण एकदा आईला म्हणाली, "माझ्या सेवेत काहीतरी कमी पडतंय गं." ऐंशी वर्षांची बाई, रोज न चुकता पाणी घालणारी, आणि स्वतःला दोष देत होती! मी बाल्कनीत लक्स मोजले. भर सकाळी ८००. गच्चीवर कुंडी ठेवायला सोसायटीची परवानगी नाही, गळतीच्या भीतीने. सिव्हिलची विद्यार्थिनी म्हणून ती भीती मला कळते. शेवटी तुळस बेडरूमच्या पूर्वेच्या ग्रिलमध्ये गेली. तिथे साडेदहापर्यंत ऊन असतं. आता तिला मंजिऱ्या आल्यात. आजी बेडरूममध्ये दिवा लावते म्हणून बाबा कुरकुरतात, ते चालायचंच. "आजी, ती अपशकुनाने नाही गं, भुकेने वाळत होती," हे तिला सांगता आलं याचं मला सबमिशन वेळेत झाल्यापेक्षाही जास्त समाधान आहे.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने स्वतः मोजायचं, करून बघायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी द्राक्ष बागायतदारांना त्याचा फायदा झाला. आपणही करू शकतो. होस्टेलच्या प्रत्येक खोलीच्या खिडकीतले लक्स सकाळ-दुपार मोजून यादी नोटीस बोर्डवर लावायची, म्हणजे कुठल्या खोलीत काय जगेल ते कळेल. पाहुण्यांना रोप देण्याआधी एक फोन करून विचारायचं, घरात ऊन कुठे येतं? खर्च शून्य.

आणि सिव्हिलवाल्यांनो, एक आपल्यासाठी. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत, म्हणजे फुलबागांचं गाव. उद्या याच गावातले फ्लॅट आपण काढणार आहोत. आपल्या प्लॅनमध्ये फ्रिजची जागा असते, वॉशिंग मशीनची असते, एसीच्या डब्याचीही असते. त्यात आणखी दीड फूट बाय दीड फुटाचा एक चौकोन काढा, जिथे सकाळचे तीन तास ऊन पडेल. कुणाची तरी आजी त्या घरात राहायला येणार आहे.

— टी. ई. (सिव्हिल)