ताईला भेटा, युरोप राहू द्या!

तुमची ताई किंवा दादा जर्मनीत असेल आणि तुम्ही भेटायला जाणार असाल, तर ‘दहा दिवसांत पाच देश’वाला प्लॅन आधी फाडून टाका.

म्युनिकला मावसबहिणीकडे गेले तेव्हा पहिल्यांदा अंगावर आली ती शांतता. रविवारी दुकानं बंद, सुपरमार्केटसुद्धा. मिक्सर लावायचा, ड्रिल मशीन चालवायचं, तर शेजाऱ्यांचा विचार आधी. पाण्याची रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की 25 सेंट परत (आपला भंगारवालाच, फक्त घासाघीस नाही). जूनमध्ये रात्री नऊलाही लख्ख उजेड!

रीलमध्ये हे सगळं भारीच दिसतं. त्या शांत रविवारी ताई काय करते, ते मात्र दिसत नाही. ती व्हिडिओ कॉल लावून ठेवते. तिकडे मावशी भाजी निवडते, इकडे ही कपडे वाळत घालते. बोलणं फारसं नसतंच. आणि आपण इथे बिनधास्त म्हणतो, ‘तिची काय, मजा आहे!’

तिची मोजकी सुट्टी आपल्या फोटोंसाठी का उडवायची? बॅगेत भाजणी न्या, तिच्यासोबत ट्रामने भाजी आणायला जा, रविवारी घरीच थालीपीठं लावा. चटणी तेवढी शनिवारीच वाटून ठेवा.