वहीतले जठर आणि जिवंत जठर

वारज्यातील कोणत्याही शाळेतली विज्ञानाची वही उघडा. वर अन्ननलिका, मध्ये जठराची पिशवी, खाली आद्यांत्र. आकृतीला गुण मिळतात. पण जठर असे स्थिर असते का?

साध्या क्ष-किरण चित्रात हाडे उठून दिसतात. जठर मात्र शेजारच्या मऊ अवयवांत हरवते. म्हणून रुग्णाला बेरियम सल्फेटचे पांढरे, दाट मिश्रण पाजतात. बेरियम क्ष-किरणांना अडवतो आणि सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घोट कसा ढकलला जातो, ते दिसते. उभ्या माणसाचे जठर लांबट दिसते. तोच आडवा झाला की आकार बदलतो. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. सल्फेट मात्र पाण्यात वा जठरातील आम्लात जवळजवळ विरघळत नाही, म्हणूनच ते पाजता येते. रसायनशास्त्र असे पोटात उतरते!

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या साहाय्याने प्राण्यांची गिळण्याची क्रिया पाहिली. विद्यार्थ्यानेच! मग आपण आकृतीवर का थांबावे?

शिक्षकांनी परिसरातील डॉक्टरांकडून अशा चाचणीच्या जुन्या फिल्म मागाव्यात, रुग्णाचे नाव कापून टाकावे आणि एकाच पोटाची दोन चित्रे खिडकीच्या उजेडात शेजारी धरावीत. मात्र केवळ धड्यासाठी कोणाचेही नवे चित्र काढू नये. क्ष-किरण गरजेपुरतेच बरे. आकृती जरूर काढा, पण ती एका क्षणाची आहे, हे विसरू नका.