मोडीतल्या पितळातला बिल्ला

बोर्ली पंचतनसारख्या गावात जुने पितळ मोडीत येते ते किलोच्या भावाने. तांब्या, समई, कुलूप यांच्या राशीत क्वचित एखादा लहानसा लष्करी बिल्लाही निघतो. व्यापारी वाचकांना विनंती अशी, की तो वितळवण्यास धाडण्यापूर्वी क्षणभर हाती घ्यावा.

काही बिल्ले पलटणीची खूण असतात, काही कौशल्याची. मला दुसऱ्यांचे मोल अधिक वाटते. ते भरतीबरोबर मिळत नसत. कसोटीला उतरून मिळवावे लागत. पानांच्या वलयात इंग्रजी ‘एल’ अक्षर असेल, तर तो तोफेचा नेम धरणाऱ्या शिपायाचा. किनाऱ्यावरच्या तोफेला तर नेम धरायचा तो चालत्या जहाजावर! १८९९ मध्ये ब्रिटिश तोफखान्याची विभागणी होऊन किनारी तोफा ‘रॉयल गॅरिसन आर्टिलरी’कडे आल्या, १९२४ मध्ये ते दल पुन्हा मूळ तोफखान्यात विलीन झाले.

दिघीहून होडीने जंजिऱ्यास जाऊन कलालबांगडी पाहणाऱ्यास सहज प्रश्न पडेल, की असे बिल्ले आपल्या माणसांना का नव्हते? मुंबई इलाख्यात २८ सप्टेंबर १८२७ रोजी देशी गोलंदाजांची तुकडी उभी राहिली. तो दिवस भारतीय तोफखाना आजही पाळतो. परंतु १८५७ नंतर, डोंगरी तोफांच्या तुकड्या सोडल्यास, हिंदुस्थानातील तोफखाना बहुतांशी देशी शिपायांना बंद झाला. मैदानी तोफखान्याची पहिली भारतीय तुकडी उभी राहिली ती १५ जानेवारी १९३५ रोजी, बंगळूर येथे. म्हणूनच एखाद्या कोकणी घराच्या पेटीतून असा बिल्ला निघाला, तर तो कोणाचा, कोणत्या काळातला, हे घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. नोंदीवाचून बिल्ला म्हणजे पावतीवाचून ठेव. आणि ज्याला त्याची किंमत ठाऊक नाही, त्याच्याकडून पितळाच्या भावाने घेणे मला तरी व्यवहार वाटत नाही.

नकलाही पुष्कळ आहेत. अस्सल बिल्ला ठशावर उठवलेला असतो, कडा रेखीव असतात. ओतीव नकलेचा पृष्ठभाग खरबरीत दिसतो. वर्षानुवर्षे घासून उंच भाग गुळगुळीत झालेला आणि खोबणीत मळ साचलेला असावा. (चिंच लावून लख्ख करण्याचा मोह आवरावा.) एकसारखे डझनभर दिसले, तर हात आखडता घ्यावा.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये शंभर वर्षे पुरी झालेली ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही. १९२४ पूर्वीचे बिल्ले ही मर्यादा ओलांडून गेले आहेत. अशा वस्तूंची देशातल्या देशात विक्री धंदा म्हणून करावयाची, तरी परवाना लागतो.