कुरळ्या केसांचा गुंता आणि घरचे जवस



कुरळ्या केसांच्या मुलीची वेणी घालायची म्हणजे सकाळी घरात रडारड. मुलगी कळवळते, आई वैतागते आणि शेवटी केस कापण्यावर पाळी येते. कात्री घेण्याआधी थोडे ऐका.

गुंता सोडवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत सिलिकोन असते. फवारणीचे द्रावण पानावर पसरावे म्हणून आपण जे द्रव्य मिसळतो, त्यातल्या काहींतही सिलिकोनचाच एक प्रकार असतो. केसांवर त्याचा गुळगुळीत थर बसतो. ते विष नव्हे. पण त्याचे बरेच प्रकार नुसत्या पाण्याने किंवा सौम्य शांपूने नीट निघत नाहीत. थरावर थर चढून कुरळे केस जड व निस्तेज होतात. म्हणून घेताना बाटलीवरची घटकांची यादी वाचा. नावाच्या शेवटी 'कोन' किंवा 'सिलोक्सेन' आले, उदाहरणार्थ डायमेथिकोन, तर ते सिलिकोन समजावे.

घरचा उपाय जवसाचा. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखे बुळबुळीत झाले की गरम असतानाच फडक्यातून गाळा. गार झाल्यावर गाळणे कठीण. कोमट झाल्यावर ओल्या केसांना लावा. रुंद दातांच्या फणीने आधी टोके सोडवा, मग थोडे थोडे वर सरका. उरलेले दोन दिवसांत संपवा. वास आला तर फेकून द्या.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. जवस खाण्याचेच घ्या. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे धुऊनसुद्धा वापरू नका.