मामाची उधार कॅसेट

‘रॉक मशीन’ आठवतंय? नाही? मग ऑफिसातल्या पन्नाशीच्या बॉसला विचारा, एकदम कॉलेजकुमार होईल! 1984 मध्ये मुंबईत जमलेला हा बँड 1993 मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला अन् 1997 मध्ये फुटला.

वाशीमच्या माझ्या मामाने त्यांना स्टेजवर कधीच पाहिलं नाही. मुंबईचं रंगभवन म्हणजे त्याच्यासाठी निव्वळ ऐकीव गोष्ट. त्याच्याकडे होती मित्राची एक कॅसेट. फीत गुंतली की पेन्सिल, लाइट गेली की सेल! गिटारवर महेश तिनईकर, म्हणजे ‘आपला माणूस’, याचं कोण कौतुक!

2010 मध्ये बँड परत जमला, 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बमही आला. परवा मामाला मोबाइलवर ऐकवला. ‘भारी हाय बाप्पा,’ म्हणाला. मग हळूच, ‘त्यालेही पाठव ना. कॅसेट त्याचीच होती. मुंबईले गेला, मंग भेटलाच नाही.’

नंबर मात्र मामाकडे नाही.