मुक्तस्रोत प्रकल्पांना तपासनीस हवे आहेत : जाहीर आवाहन

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी, त्यांचे प्राध्यापक, तसेच पुण्या-मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात सॉफ्टवेअर उद्योगात काम करणारे मराठी भाषक यांना उद्देशून हे आवाहन आहे. ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून पुन्हा वाटता येतो, त्या सॉफ्टवेअरला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. बँकांच्या सर्व्हरपासून हातातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत ते सर्वत्र आहे. अशा प्रकल्पांना हातभार लावा असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि पुढे येणारेही थोडे नाहीत; उणीव आहे ती आलेली मदत वाचून, पडताळून आणि सुधारून घेणाऱ्या माणसांची.

ही उणीव कोठून येते हे समजण्यासाठी कामाची रीत पाहावी लागते. बदल सुचवणारी व्यक्ती प्रकल्पाच्या कोडची स्वतंत्र प्रत घेते, तिच्यात दुरुस्ती करते आणि ती दुरुस्ती मूळ प्रकल्पात सामावून घ्यावी अशी विनंती पाठवते. गिटहबसारख्या संकेतस्थळांवर या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. तिच्यावर निर्णय घेतो तो मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा. नव्या बदलामुळे जुनी सोय मोडते का, चाचण्या पुरेशा आहेत का, तो कोड देण्याचा हक्क पाठवणाऱ्याला आहे का, आणि पाठवणारा उद्या निघून गेला तर त्या ओळींची निगा कोण राखणार, हे सारे त्यालाच पाहावे लागते. म्हणूनच झटपट लिहिलेला बदल तपासायला कधीकधी लिहिण्याच्या कितीतरी पट वेळ जातो. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स कर्नलने हा भार विभागून घेतला आहे: प्रत्येक उपविभागाचे मेंटेनर कोण हे एका जाहीर यादीत नोंदलेले असते, आणि २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याला तो बदल देण्याचा आपला हक्क प्रमाणित करणारी सहीची ओळ लिहावी लागते. अशा नियमांना नोकरशाही म्हणून हिणवणे सोपे असले, तरी हजारो अनोळखी माणसांचे काम एका जागी टिकते ते त्यांच्याच आधारावर.

भारतातील उत्साहाने हा भार दोनदा ठळकपणे वाढवला, हे स्पष्ट सांगणे भाग आहे. दर ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. त्यापायी असंख्य प्रकल्पांवर एखादा शब्द घालण्याच्या निरर्थक विनंत्यांचा मारा झाला, त्यात भारतातून आलेल्या विनंत्याही पुष्कळ होत्या, आणि ज्या प्रकल्पांनी आधी संमती दिली असेल तेथीलच काम धरण्याचा नियम आयोजकांना महिना चालू असतानाच करावा लागला. २०२४ च्या आरंभी एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पाच्या माहितीपत्रकात स्वतःचे नाव घालणाऱ्या विनंत्यांची रांग लागली, कारण एका शैक्षणिक व्हिडिओत सरावासाठी तोच प्रकल्प दाखवला होता. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता. त्यांना पलीकडे बसलेला माणूस कोणी दाखवूनच दिला नव्हता.

त्या माणसाचा एकटेपणा किती महागात पडू शकतो, हे त्याच वर्षी दिसले. एक्सझेड युटिल्स हा विदा आकसून साठवणारा छोटा संच जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असतो, आणि तो दीर्घकाळ मुख्यतः लासे कॉलिन हे एकटे गृहस्थ बिनमोबदला सांभाळत होते. बदल लवकर स्वीकारले जात नाहीत अशी तक्रार काही अनोळखी नावांनी सुरू केली, दुसरा मेंटेनर नेमण्याचा आग्रह धरला, आणि जिया टॅन या नावाने २०२१ पासून नेटके काम पाठवणाऱ्या व्यक्तीकडे हळूहळू अधिकार गेले. २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चाचणीच्या फाइलींआड लपवलेला चोरदरवाजा होता, ज्यातून दूरच्या संगणकावर ताबा मिळवता आला असता. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्यांच्या लक्षात आले, त्यांनी कारणाचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केले. कॉलिन यांच्या बाजूला विश्वासाची दोन-तीन माणसे आधीपासून असती, तर त्या दडपणाला इतकी जागा मिळाली नसती.

म्हणून विद्यार्थ्यांना विनंती आहे की प्रकल्पाचे योगदान-नियम वाचल्याशिवाय आणि ते सॉफ्टवेअर स्वतः वापरल्याशिवाय काहीही पाठवू नये, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने लिहिलेला जो बदल स्वतःला समजावून सांगता येत नाही, तो तर मुळीच पाठवू नये. पहिले योगदान नवा कोडच असले पाहिजे असे नाही. नोंदवलेला दोष आपल्या संगणकावर पुन्हा घडवून पाहणे, त्याच्या पायऱ्या नीट लिहिणे, दुसऱ्याची पुल रिक्वेस्ट चालवून तिचा निकाल कळवणे, ही कामे मेंटेनरचे तास वाचवतात. प्राध्यापकांनी पाठवलेल्या विनंत्यांच्या संख्येवर गुण देण्याची पद्धत बंद करावी, आणि सरावासाठी महाविद्यालयाची स्वतःची रिपॉझिटरी ठेवावी. ज्या कंपन्यांचा व्यवसाय या सॉफ्टवेअरवर उभा आहे, त्यांनी अनुभवी अभियंत्यांना तपासणीसाठी कामाच्या वेळातले ठरावीक तास द्यावेत. सुटीच्या दिवशी करायची समाजसेवा म्हणून हे काम सोडून देणे अन्यायाचे आहे.

मराठीसाठी तर हे काम दुसरे कोणी करूच शकत नाही. मोझिलाच्या पाँटून या भाषांतर-मंचावर नवागताचे भाषांतर सूचना म्हणून थांबते आणि अधिकार असलेल्या व्यक्तीने मंजूर केल्यावरच फायरफॉक्समध्ये उतरते. मंजुरी देणारे कमी असले की चांगल्या सूचनाही पडून राहतात. मुक्त फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श येतात का, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला रफार वेगवेगळा उमटतो का, हे परदेशातला मेंटेनर ठरवू शकत नाही. त्याला मराठी वाचणाऱ्याचे खात्रीचे उत्तर हवे असते. ज्यांना भाषा आणि तंत्र दोन्ही अवगत आहेत, त्यांनी लिब्रेऑफिस, फायरफॉक्स किंवा एखादा देवनागरी फाँट यांपैकी एकच प्रकल्प निवडावा, तेथे निदान वर्षभर टिकावे, आणि प्रलंबित मराठी सूचनांची यादी उघडून सर्वांत जुन्या सूचनेपासून तपासणीला आरंभ करावा, अशी कळकळीची विनंती आहे.